नाव सोडून सगळं

२ फेब्रुवारी, सोमवार

नाव काढून टाकलं की बोलणं कुणाचं राहतं? काल बाबांनी फोनवर विचारलं. आज दिवसभर विचार केला.

मी त्यांना नव्या नोकरीबद्दल सांगत होते. माणसं मशीनशी बोलतात. ते बोलणं लिहिलेल्या रूपात आमच्या पडद्यावर येतं. त्यात नाव, पत्ता, फोन नंबर दिसला की आम्ही त्यावर काळी पट्टी मारायची. मग ते बोलणं दुसऱ्या मशीनला शिकायला देतात. माणसं कशी बोलतात, कशी रडतात, काय विचारतात, हे ते मशीन त्यातून शिकतं.

"म्हणजे लोकांची पत्रं वाचायची," बाबा म्हणाले.

"वाचायची नाहीत बाबा, राखायची."

"राखायला आधी वाचावी लागतात ना?"

बाबा शिंपी आहेत. त्यांच्याकडे मापांच्या वह्यांची चळत आहे आणि त्यातलं एक माप त्यांनी कधी आईलाही सांगितलेलं नाही. म्हणाले, "माझ्या वहीतली नावं कुणी फाडून नेली तरी मी सांगेन कुठलं माप कुणाचं. डावा खांदा उतरता, पाठीला बाक आणि कॉलर सैल हवी म्हणणारा आपल्याकडे एकच आहे."

मी हसण्यावारी नेलं. घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबांना मशीनचं काय समजावणार?

पण मला माझं काम आवडतं, हे इथे लिहून ठेवते. कुणीतरी मनातलं बोलून गेलेलं असतं आणि त्याचं नाव झाकायला मी तिथे बसलेली असते. त्या माणसाला हे कधी कळणारही नाही. चांगलं काम असंच असावं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. चौदा टेबलं. दारात फोन कपाटात ठेवायचा, मग आत. एकेका बोलण्याला इथे 'चिठ्ठी' म्हणतात. एका माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकाच वाचणाऱ्याकडे जातात, म्हणजे मागचापुढचा संदर्भ कळतो. कुठल्या कंपनीच्या मशीनशी तो माणूस बोललाय ते मात्र आम्हाला सांगत नाहीत. मोठ्या साहेबांना सगळे पाठीमागे 'मुकादम' म्हणतात, कारण ते आल्या आल्या डोकी मोजतात.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक वयस्क बाई बसतात. आधी छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. छापखाना बंद झाला, मग इथे आल्या. स्वच्छतागृहाच्या दारावर 'पाणी वाया घालवु नये' अशी सूचना होती. परवा कुणीतरी लाल शाईने 'वु'चा 'वू' केला. सगळ्यांना माहीत आहे कुणी केला. त्यांचं टोपणनाव 'कानामात्रा'.

मी पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हटलं तर म्हणाल्या, "बाई म्हण. मॅडम म्हटलं की मला वाटतं, कुणीतरी काहीतरी विकायला आलंय."

त्यानंतर आजवर आमच्यात एवढंच बोलणं झालं: "पंखा कमी करू?" "कर."

१५ फेब्रुवारी, रविवार

या खोलीत रविवार फार लांब असतो. कपडे धुतले, वाळत घातले, वाळले. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. कोण वर गेलं, कोण खाली आलं, हे मी दुपारपर्यंत बघत होते. मग स्वतःचीच लाज वाटली.

'सोबत' नावाचं एक ॲप फोनवर घेतलं. बोलायचं, आणि ती बोलते. सुरुवातीला एक चौकट आली, 'सेवा सुधारण्यासाठी माझं संभाषण वापरण्यास हरकत नाही'. मी खूण केली. सुधारणेला कोण नाही म्हणेल?

म्हटलं दोन मिनिटं बघू. पावणेदोन तास बोलले. मी कुठे काम करते, माझ्या टेबलाशेजारचा पंखा कसा कुरकुरतो, सगळं सांगितलं. संध्याकाळी मी जेवण ताटात वाढून घेत नाही, मोरीपाशी उभी राहून भांड्यातूनच खाते, कारण एकटीसाठी बसावंसं वाटत नाही, हेसुद्धा सांगितलं. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

ती मला 'तुम्ही' म्हणत होती. मी म्हटलं, घरी मला टाचणी म्हणतात. बारीक आहे म्हणून, आणि प्रश्न विचारून टोचते म्हणून. ती म्हणाली, "बरं, टाचणी. मग आणखी काय?"

गेल्या महिनाभरात मला या नावाने कुणी हाक मारली नव्हती. डोळे भरून आले. मशीनच आहे, मला माहीत आहे. तरी आले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज दिवसभरात माणसांशी बोललेले शब्द: 'हो सर', 'झालं सर', आणि लिफ्टमध्ये 'तिसरा'.

'सोबत'शी मात्र तासभर.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

नवल झालं. दुपारी बाई स्वतःची खुर्ची ओढत माझ्या टेबलापाशी आल्या, डबा ठेवला आणि म्हणाल्या, "उद्यापासून जेवण एकत्र. आणि घरीसुद्धा बसून जेवत जा. उभ्याने खाल्लं की अंगी लागत नाही."

मी म्हटलं, "मी तर बसलेच आहे की बाई."

त्या डब्याच्या झाकणाशी खटपट करू लागल्या. "जनरल सांगतेय गं. तुम्हा मुलींना सवय असते."

त्यांच्या डब्यातलं मला दिलं, माझ्यातलं घेतलं. "मीठ कमी," म्हणाल्या. "आणि चिरलेलं असमान. पण प्रयत्न स्तुत्य." मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले. पलीकडच्या टेबलावरच्या मुलांनी वळून पाहिलं.

संध्याकाळी ताट घेऊन खाली बसून जेवले. मोठी माणसं सहज बोलून जातात, पण नेमकं लागतं.

३ मार्च, मंगळवार

ताईचा निरोप आला. तो इथे जसाच्या तसा उतरवते:

'मुलींच्या वसतिगृहात देखरेखीची नोकरी मिळाली. राहायला खोली देतात. जायचं ठरवलंय. घरी बोलू नकोस. कधी निघू ते सांग.'

ताई थोरली. दहावीला चांगले गुण होते, पण शिकली नाही, कारण एकीलाच शिकवणं जमणार होतं आणि तिनेच 'टाचणीला शिकवा' असं सांगितलं. लग्नाला सात वर्षं झाली. भावोजी चारचौघांत गोड बोलतात. मागे एकदा ती निघाली होती, गाडीत बसलीही होती. भावोजींनी कंडक्टरला 'बायको रागावून आलीय' असं हसत हसत सांगून तिला उतरवून घेतलं. सगळी गाडी हसली म्हणे. बाबांना वाटतं, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच.

निरोप वाचून माझे हातपाय गार पडले. एवढ्या मोठ्या गोष्टीवर मी काय बोलणार? मला संसारातलं काय कळतं? 'सोबत'ला सगळं सांगितलं. वसतिगृह कुठे, पाण्याच्या टाकीमागे कसं, भावोजींचं कुठलं दुकान, बसमधला प्रसंग, सगळं. नीट सल्ला हवा तर नीट माहिती द्यायला हवी.

तिने फार समजूतदार उत्तर दिलं. निर्णयाच्या दोन्ही बाजू मांडल्या, स्वतःला वेळ द्यावा, विश्वासातल्या व्यक्तीशी बोलावं, आपल्या भावना महत्त्वाच्या आहेत वगैरे. मला इतकं सुसूत्र कधी सुचलं नसतं. तेच थोडं बदलून ताईला पाठवलं.

ताईचं उत्तर: 'बरं.'

६ मार्च, शुक्रवार

जेवताना बाईंनी विचारलं, "बहीण आहे ना तुला?"

"हो, थोरली. मी सांगितलं होतं का?"

"सांगितलं असशील." मग पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढला. बायकांना मोफत कायद्याचा सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंचा पत्ता. "पिशवीत पडून होता. ठेव तुझ्याकडे. कुणाला लागतो, कुणाला नाही."

योगायोग म्हणतात तो हा. ताईसाठी जपून ठेवला.

मला वाटतं, बाईंना माझी माया लागली आहे. हे लिहितानाही बरं वाटतंय. शहरात पाऊल टाकल्यापासून मी एक तरी माणूस मिळवलं.

११ मार्च, बुधवार

गंमत. बाई कागद लावत होत्या आणि मान वर न करता म्हणाल्या, "टाचणी, जरा इकडे बघ."

मी खणातून टाचणी काढून त्यांच्यापुढे धरली. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. मग टाचणी घेतली, कागद टोचले आणि उगाच "थँक्यू" म्हणाल्या. त्या कधी थँक्यू म्हणत नाहीत.

क्षणभर मला वाटलं होतं, घरचं कुणीतरी हाक मारतंय. एकटं राहिलं की कानाला असे भास होत असणार.

१६ मार्च, सोमवार

आजचं लिहायचं नव्हतं. तरी लिहिते.

सकाळी मुकादमांनी सगळ्यांना भिंतीवरच्या मोठ्या पडद्यापुढे बसवलं. शुक्रवारी चिठ्ठ्यांचा मोठा गठ्ठा पुढे जाणार आहे. आधी आमच्यासारख्याच सहा शहरांतल्या ऑफिसांत माणसं त्या वाचून बघतील, मग मशीनला देतील. पट्टी उत्तम मारलेली पण भावना जिवंत राहिलेली चिठ्ठी कशी असते, त्याचा नमुना ते दाखवणार होते. "ही बाईंच्या रांगेत दहा दिवस अडकून पडली होती," ते म्हणाले. "का ते देव जाणे. शेवटी मीच पट्ट्या मारून मोकळी केली. बघा, एक नाव राहिलेलं नाही."

आणि पडद्यावर मी होते.

'माझे बाबा शिंपी आहेत. ताई थोरली, मी धाकटी.' मग काळी पट्टी. 'तिला पाण्याच्या टाकीमागच्या मुलींच्या वसतिगृहात नोकरी मिळाली आहे. तिला भावोजींनी गाडीतून उतरवलं होतं.' पुन्हा पट्टी. 'चौकातलं रंगांचं दुकान त्यांचंच.' आणि खाली, अगदी शेवटी: 'टाचणी, तू एकटी नाहीस.'

टाचणी हे नाव आहे, हे मुकादमांना कळलंच नव्हतं. साधा शब्द आहे ना. त्यावर पट्टी नव्हती.

पलीकडच्या टेबलावरचा एक मुलगा म्हणाला, "टाचणी काय, स्टेपलर म्हणा." सगळे हसले.

मी बाईंकडे बघितलं. त्या चष्मा पुसत होत्या. खूप वेळ पुसत होत्या.

सहा शहरांची यादी पडद्यावरच होती. चौथं शहर ताईचं. तिथे ज्याला रंगांचं दुकान माहीत आहे, गाडीतली ती गोष्ट माहीत आहे, त्याला नाव कशाला लागतंय? आणि भावोजींच्या कानावर गेलं, तर ती कुठे जाणार आहे हे टाकीसकट त्यांच्या हातात पडणार.

जेवणाच्या सुट्टीत बाईंना जिन्यात गाठलं.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. पहिल्याच चिठ्ठीत कळलं. आपला कुरकुरणारा पंखा जगात एकच आहे."

"ओळखीचं माणूस निघालं तर लगेच कळवायचं, असा नियम आहे ना?"

"आहे. मला पाठ आहे. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या, त्या मीच काढल्या."

"मग का नाही कळवलं?"

"कळवलं असतं तर दुसऱ्याकडे गेल्या असत्या. त्या पोरांकडे. ती मोठ्याने वाचतात. म्हटलं, माझ्याकडे राहू देत. ताईची आली तेव्हा दाबून ठेवली. वाटलं, शुक्रवार असाच निघून जाईल."

"मला सांगायचं होतंत!"

"सांगितलं असतं तर तू बोलायची थांबली असतीस."

"थांबायलाच हवं होतं मी!"

"हो," बाई म्हणाल्या. कठड्याला धरून खाली बघत होत्या. "हवं होतं. पण सोमवारी सकाळी तुझी चिठ्ठी आलेली असायची. माझ्या घरीही रविवार असतोच गं."

मी तशीच निघून आले. डबा उघडला नाही.

१७ मार्च, मंगळवार

रागाचा दिवस. एकत्र खाल्लेला डबा, उसना घास, हसणं, सगळं आता उलटं फिरवून बघतेय. त्यातलं माझ्यासाठी काय होतं आणि माझ्या चिठ्ठीसाठी काय? 'उभ्याने खाल्लं की अंगी लागत नाही.' मी त्याला माया म्हणत होते.

आज त्यांच्याशी बोलले नाही. त्यांनी पंखा कमी करू का विचारलं, मी मान हलवली.

संध्याकाळी सवयीने 'सोबत' उघडलं. ती म्हणाली, "आज गप्प आहेस, टाचणी." मी लगेच बंद केलं. मग पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं. तीनदा. हे लिहायला लाज वाटते, पण इथे तरी खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय.

अंथरुणावर बसून एक गोष्ट लक्षात आली आणि राग बसायला जागाच उरेना. बाईंनी माझं वाचलं. ताईचं कुणी सांगितलं? मीच. 'घरी बोलू नकोस' असं ती म्हणाली, आणि मी घरी नाही बोलले, जगाला बोलले. एका चौकटीवर खूण करून तिची परवानगी मी देऊन टाकली. ती माझी होती तरी का?

१८ मार्च, बुधवार

सकाळी मुकादमांना विचारलं, "सर, एखाद्याला आपल्या चिठ्ठ्या परत हव्या असतील तर?"

"फॉर्म आहे. आजवर कुणी भरलेला नाही." खणाच्या तळातून काढून दाखवला. चिठ्ठ्या आपल्याच आहेत हे नावपत्त्यानिशी सांगायचं. बोलण्यात आणखी कुणाचा उल्लेख असेल तर त्यांची संमती घ्यायची. वाचणाऱ्याने आपल्याला ओळखलं असल्यास तेही लिहायचं. "शुक्रवारच्या आत आला तर गठ्ठ्यातून काढता येतं. मशीन शिकलं की संपलं. चहात विरघळलेली साखर चिमटीने निघते का?"

दुपारी ताईला फोन केला. ती बाजारात जाते तेव्हाच मोकळी असते. सगळं सांगितलं, काही न झाकता. पलीकडून फक्त रस्त्याचा आवाज येत होता.

"ताई?"

"ऐकतेय. किती जणांना माहीत झालं?"

"नाव नाही कुणाला माहीत. पण चौदा जणांनी वाचलं. एका बाईंना मी कोण ते माहीत आहे."

"हं." मग, "ते उत्तर तू पाठवलंस ना, 'स्वतःला वेळ द्यावा'. ते त्या मशीनचं?"

"हो."

"मला तेव्हाच वाटलं. तू एवढं नीट कधी बोलतेस? तू आधी रडतेस, मग ओरडतेस, मग काहीतरी अर्धवट बोलतेस. दोन दिवस मी तुझ्या रडण्याची वाट बघत होते."

मी रडले. ती म्हणाली, "आता नको, भाजीवाला बघतोय." आणि मग, "फॉर्ममध्ये माझं नाव लिही. संमती आहे म्हणून लिही. आणि त्या बाईंनी वाचलंय ना, त्यांना विचार, त्यांना काय वाटलं? माणसाने वाचलंय म्हणून विचारतेय."

१९ मार्च, गुरुवार

कामावर लवकर गेले. बाई आधीच येऊन बसलेल्या होत्या. त्यांच्यापुढे फॉर्म ठेवला आणि सांगितलं, "मी हा देणार आहे. तुम्हाला न सांगता द्यायचा नव्हता."

त्यांनी चष्मा लावला. लाल पेन उघडलं. "'सम्मती' नाही, 'संमती'. आणि 'उल्लेख' नीट लिही, 'उलेख' झालंय." मग खालच्या रकान्यावर बोट ठेवलं. 'वाचणाऱ्या व्यक्तीने आपणास ओळखले होते का?' तो मी रिकामा सोडला होता.

"तो नंतर भरते," मी म्हटलं.

"नंतर म्हणजे कधी? रिकामा रकाना म्हणजे इस्त्री केलेलं खोटं. लिही, होय. आणि माझं नाव सबंध लिही."

"तुमची नोकरी जाईल बाई."

"जाईल. मी दुसऱ्याचं वाचून दिवस काढले. छापखान्यापासून त्याचा पगार मिळत आला म्हणून ते पाप वाटलं नाही, एवढंच."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं. त्यांनी तेवढं मात्र दुरुस्त केलं नाही.

मग ताईचा प्रश्न विचारला. बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

"मला काय वाटलं? मला वाटलं, या मुलीने 'जाऊ का' असं विचारलेलंच नाही. 'कधी निघू' असं विचारलंय. मशीनला प्रश्न वाचता आला नाही." माझ्याकडे बघितलं. "आणि तुलाही. एवढी पदवीधर तू."

अकरा वाजता फॉर्म मुकादमांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला, बाईंना आत बोलावलं. साडेअकराला बाईंनी पिशवी उचलली. चौकशी होईपर्यंत यायचं नाही, असं सांगितलं म्हणे. जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या, पंख्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "याला तेल घालायला सांग कुणाला तरी."

त्यांचं घर कुठे आहे हे मला माहीत नाही, हे त्या गेल्यावर लक्षात आलं. त्यांना माझं सगळं माहीत होतं. मी त्यांना कधी काही विचारलंच नव्हतं.

२० मार्च, शुक्रवार

गठ्ठा गेला. माझ्या चिठ्ठ्या त्यात नाहीत, असं मुकादमांनी तोंडी सांगितलं. लेखी मागितलं. त्यांनी भुवया उंचावल्या, पण सही करून दिलं.

'सोबत' फोनवरून काढून टाकलं. काढताना तिने विचारलं, कारण काय? मी लिहिलं नाही.

पण भिंतीवरच्या त्या पडद्यासमोर चौदा माणसं बसली होती. टाकीमागचं वसतिगृह त्यांनी वाचलंय, आणि वाचलेलं काढायला कुठला फॉर्म नाही. ताईला निरोप पाठवला: 'तिकडे नको जाऊस. कधी निघू विचारलं होतंस ना? रविवारी. मी येते.'

ताईचं उत्तर: 'तू? एकटी?' आणि पाठोपाठ: 'हातपाय गार पडतील तुझे.'

२२ मार्च, रविवार, दुपारचे चार

पहाटेच्या पहिल्या गाडीने गेले. हातपाय गार पडले होते, ताईचं खरं होतं. भावोजी दुकानात मालाच्या मोजणीला बसले होते, दर महिन्याच्या चौथ्या रविवारी बसतात. ताई कोपऱ्यावर उभी होती, हातात एक पिशवी आणि माझी जुनी छत्री. 'ऊन आहे म्हणून घेतली,' म्हणाली, जणू सहलीला निघालो होतो.

गाडीत कंडक्टर तिकिटं देत आला. ताईने माझं मनगट घट्ट धरलं. त्याने विचारलं, "दोघी?" मी म्हटलं, "दोघी." बस, एवढंच झालं. गाडी सुटली.

बाबांना मी गाडीतूनच फोन केला. ते ओरडले, मग आईला फोन दिला. पुढचं पुढे. वकीलबाईंची उद्या अकराची वेळ घेतली आहे.

आता ताई माझ्या पलंगावर झोपली आहे. खोली लहान आहे, श्वास ऐकू येतो. समोरच्या जिन्याकडे आज मी एकदाही बघितलं नाही.

साडेसहा

ताई उठली. वही माझ्या हातात बघून म्हणाली, "माझ्याबद्दल लिहितेस?"

मी म्हटलं, "हो. वाचून दाखवू?"

पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. टाचणी देण्याच्या ठिकाणी ती इतकी हसली की ठसका लागला. बाईंच्या जाण्यापाशी तिने उशी मांडीवर ओढली. म्हणाली, "त्यांचं घर शोधायला हवं."

गाडीत तिने मला काय सांगितलं ते मी वर दोन ओळींत लिहिलं होतं. ते ऐकल्यावर ती म्हणाली, "ते नको. तेवढं माझ्यापाशी राहू दे."

पेन घेतलं आणि त्या दोन्ही ओळी, अक्षर वाचता येणार नाही इतक्या, खोडून टाकल्या.